मी आकाश स्वच्छ केलं

चहा आधी संपवा. घोट तोंडात असताना हे ऐकलंत तर ठसका लागेल आणि दोष माझ्यावर येईल. तसा माझ्यावर आधीच एक मोठा दोष आहे. अख्ख्या आकाशाचा!

मंगळवार पेठेत माझं फ्लेक्सचं दुकान आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. कुणाचा वाढदिवस असो, तालमीच्या अध्यक्षाची निवड असो, नाहीतर म्हशीनं शर्यत मारलेली असो, फ्लेक्स माझ्याकडचाच. आणि माझ्या हातून गेलेला एकही चेहरा डागासकट गेलेला नाही. पुटकुळ्या, वांग, घाम, सगळं साफ! एका पैलवानाला मी इतका गोरा केला की त्याच्या आईनंच विचारलं, "ह्यो कुणाचा पोरगा?"

तर एका दुपारी कदमबाई दुकानात आल्या. उचगावकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. मलाही त्यांनीच शिकवलं. म्हणजे, प्रयत्न केला.

"सुन्या, ह्यात दोन फोटो हायत," बाईंनी पेन ड्राइव्ह पुढं केला. "दोन मोठं फ्लेक्स कर. शुक्रवारी प्रदर्शन हाय. पुण्यासनं शास्त्रज्ञ येणार हायत. माझ्या वर्गातली सानिका बोलणार हाय ह्या फोटोंवर. दोन महिनं घोकतीय पोरगी. त्यास्नी आवडलं तर थेट जिल्ह्याला जाईल."

"बाई, काळजीच करू नका."

"तुझीच काळजी हाय! हाय तसं छाप. हात लावू नगंस."

आता बघा हं. 'हाय तसं छाप' हे आमच्याकडं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं. लाजून म्हणतं. आणि खरंच तसं छापलं की चौकात उभं राहून ओरडतं, "माझ्या गालावरचा मस दिसला न्हाय व्हय तुला?" त्यामुळे वीस वर्षं या वाक्याचा अर्थ मी एकच घेत आलोय: कर, पण केलंस म्हणून सांगू नको.

बाई गेल्या आणि मी फोटो उघडले. अरे देवा!

पहिल्याखाली लिहिलेलं, 'साध्या प्रकाशात'. आकाश दिसत होतं, पण मधोमध हा एवढा काळपट, मळका पट्टा. म्हटलं, फोटो काढणाऱ्यानं कॅमेऱ्याची काच तरी पुसायची! दुसऱ्याखाली, 'अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात'. हा लालसर, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक पांढरे ठिपके. रवा सांडल्यासारखे. असला फोटो पुण्याच्या पाहुण्यांसमोर लावायचा? बाईंची अब्रू ती काय राहणार?

बसलो. पहिल्यातला मळका पट्टा घालवला आणि निळंशार आकाश भरलं. इकडेतिकडे चुकार ठिपके होते, तेही उडवले. मग दुसरा घेतला. अहो, ठिपके किती असावेत? एक पुसला की शेजारी चार! मान आखडली, डोळ्यांना पाणी आलं, पण सोडलं नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही फोटो असे झाले, जसं काही आत्ताच धुतलेलं बेडशीट.

फक्त एक झालं. दुसरा फोटो फारच मोकळा दिसायला लागला. आणि एवढी जागा रिकामी सोडणं आमच्या धंद्यात पाप! शाळेच्या ग्रुपवर बाईंचा फोटो सापडला. तो मधोमध टाकला. पंधरा वर्षांनी तरुण केला. दोन्ही बाजूंना कबुतरं सोडली आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'अंतराळाची वाघीण'.

शुक्रवारी सकाळी मी स्वतः जाऊन फ्लेक्स बांधले. बाई आधी बघायला आल्या तर मीच आडवा झालो. "छ्या! पाहुण्यांच्या हस्तेच पडदा काढायचा. तशीच पद्धत हाय."

हॉल भरला. मी मागं मोबाइल उंच धरून शूटिंगला उभा. लाल रिबिनीच्या दोन वेण्या, हातात छडी, अशी सानिका पुढं आली. पाहुण्यांनी दोरी ओढली. पडदे पडले.

"हा जो दिसतो तो तारकागुच्छ..." सानिका वळली आणि छडी हवेतच राहिली.

डावीकडं नुसतं निळं. उजवीकडं नुसतं लालसर, आणि त्यात बाई, कबुतरांसकट. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी शिट्टी मारली! पाहुण्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

बाई तरातरा माझ्याकडं आल्या. "सुन्या, तारं कुठं हायत?"

"कुठलं तारं?"

"ते पांढरं ठिपकं!"

"ते... तारं हुतं?"

खरं सांगतो, शेकडो तारे मी या हातानं पुसले होते. एकेक!

"आन् काळा पट्टा?"

"धूळ हुती बाई. लख्ख केली."

"आरं मुडद्या, ती धूळच दाखवायची हुती! साध्या उजेडात धुळीमागचं तारं दिसत न्हाईत आन् इन्फ्रारेडमदी दिसत्यात, एवढंच तर सांगायचं हुतं पोरीला!"

पोरीकडं बघवेना. दोन महिन्यांचं घोकलेलं, आणि मागं काय? माझी वाघीण! जमिनीनं गिळलं असतं तर बरं, असं झालं मला.

पण सानिकानं नाक पुसलं. टेबलावरच्या प्रयोगांच्या खोक्यातून टीव्हीचा रिमोट काढला आणि सरळ माझ्यापाशी आली.

"काका, मोबाइल द्या. कॅमेरा चालूच ऱ्हाऊ दे."

मी दिला. मोबाइल घेऊन ती पाहुण्यांपुढं गेली, मी तिच्या मागोमाग. तिनं रिमोटचं तोंड कॅमेऱ्यासमोर धरलं.

"सर, ह्ये बटन दाबलं. आधी नुसतं बघा. काय दिसलं?"

"काहीच नाही."

"आता मोबाइलमदी बघा."

पाहुणे वाकले. मीही वाकलो. स्क्रीनवर रिमोटच्या टोकाला जांभळट दिवा लुकलुकत होता! डोळ्यांना काही नाही, मोबाइलमध्ये मात्र दिवा. मी तर थक्कच.

"हा उजेड हायच, पर आपल्या डोळ्यांस्नी दिसत न्हाय. ह्योच इन्फ्रारेड. असलाच उजेड धुळीच्या ढगातनं पार येतो, म्हणून मागचं तारं कॅमेऱ्यात गावत्यात."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बाईंना म्हणाले, "हिला जिल्ह्याला पाठवायचं. ठरलं." बाईंनी पदरानं डोळे पुसले. माझाही जीव भांड्यात पडला. मी हळूच पाय काढता घेणार, तेवढ्यात पाहुणे हसत म्हणाले, "पण बाळ, या फोटोंमधले तारे गेले कुठं?"

"धूळ आडवी आली, सर."

"धूळ? इथं तर कण दिसत नाही धुळीचा."

"एक ऱ्हायलाय की," सानिकानं छडी उचलली आणि बरोबर माझ्या छातीवर टेकवली. "ह्यो काय!"

हॉल हसून हसून आडवा झाला. आणि त्या सगळ्या गोंधळात कदमबाईंचा आवाज आला, "आन् एवढा मोठा हाय की बघायला इन्फ्रारेडबी लागत न्हाय!"