निम्मं गेट

बायको आणि मुलगी पुण्याला परतल्यापासून डब्लिनजवळच्या ल्यूकनमधल्या आमच्या घरात आवाज करणारं असं फक्त वॉशिंग मशीन उरलं. म्हणून मी दर शुक्रवारी संध्याकाळी जवळच्या छोट्या फुटबॉल क्लबच्या मॅचला जाऊ लागलो. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण तिथे शेजारी एक आजोबा उभे राहायचे, निवृत्त बस ड्रायव्हर. थर्मासच्या झाकणात चहा ओतून ते माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "काय रे, ग्रँड ना?" ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत मजेत. अख्ख्या आठवड्यात मला हे दुसरं कुणी विचारत नसे.

क्लब कायम कडकीत. मैदानावरचे दिवे जुने झाले होते. नवे बसले नाहीत तर मॅचेस दुसऱ्या गावी जाणार होत्या, म्हणजे माझे शुक्रवार गेले. लीगमध्ये ज्याचं मैदान त्याचं गेट, तिकिटांचे सगळे पैसे त्याचेच. त्यामुळे श्रीमंत क्लब श्रीमंतच राहतो. आमच्या कप स्पर्धेत मात्र गेट दोन्ही क्लबांत निम्मं-निम्मं. म्हणून एका बड्या क्लबशी, त्यांच्याच मैदानावर आमची गाठ पडली तेव्हा आमची माणसं जिंकल्यासारखी नाचली.

"हरलो तरी चालेल," आजोबा म्हणाले, "मैदान भरलं पाहिजे. तू येतोयस ना?"

"येतोय म्हणजे काय! माणसं घेऊन येतो."

डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉक भागातल्या माझ्या ऑफिसात मी दोन आठवडे सगळ्यांचं डोकं खाल्लं. आठ जण तिकीट काढायला तयार झाले. तेवढ्यात मॅनेजरबाई म्हणाल्या, त्या मैदानावर कंपनीची बॉक्स आहे, म्हणजे मॅच बघायची काचेची खास खोली, सगळे फुकट या. फुकट म्हटल्यावर मी कसला थांबतोय!

रविवारी दुपारी आम्ही काचेआड बसलो. गालिचा, चिमुकले समोसे, आणि मैदानाचा आवाज बंद. वाढायला आलेल्या माणसाला मी ऐटीत सांगितलं, "आम्ही नऊ जण आलोय, तेवढीच त्या छोट्या क्लबला मदत."

तो हसला. "बॉक्सचे पैसे गेटमध्ये धरत नाहीत हो. ते आमच्याच क्लबचे."

ऑफिसात प्रत्येक करारातली बारीक अक्षरं वाचणारा मी. हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

समोर पाहुण्या संघाच्या स्टँडमध्ये आमची माणसं दिसत होती. टोपीवरून आजोबा ओळखू आले. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी थर्मास ठेवला होता आणि कुणी बसायला आलं की ते हात आडवा करत होते. हाफटाइमला मी धावत तिकडे गेलो. दारावरच्या माणसाने माझा पास बघितला आणि या पासावर इकडे येता येणार नाही म्हणाला. मी परत काचेआड जाऊन बसलो. आठ ओळखीची माणसं सोबत असून इतकं एकटं मला रिकाम्या घरातही वाटलं नव्हतं.

आम्ही हरलो. दिव्यांचं काय ते अजून ठरायचं होतं.

पुढच्या शुक्रवारी मी आजोबांना सगळं सांगून टाकलं.

"तुझं तिकीट गेटमध्ये गेलंय," ते म्हणाले. "मी काढून ठेवलं होतं."

पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने. मी लाजेने पाकीट काढायला गेलो, तर त्यांनी त्याच हातात चहाचं झाकण दिलं.

"काय रे, ग्रँड ना?"