चिंतामणी डावीकडे वळला

पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करू लागले होते. श्रद्धा म्हणजे न मोजलेल्या गोष्टींना दिलेले सोयीचे नाव, असे माझे त्या काळचे ठाम मत होते. त्यामुळे आपल्या मणक्याचे ऑपरेशन करायचे की नाही हे तुळजापूरला जाऊन देवीआईला विचारल्याशिवाय ठरवणार नाही, असे आत्याने सांगितले तेव्हा मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. तिचे पाय दिवसेंदिवस निकामी होत चालले होते. कमरेत नसा दाबल्या गेल्या आहेत, ऑपरेशन मोठे आहे, या वयात धोका आहे, पण केले नाही तर अंथरूण ठरलेले, असे सोलापूरच्या सर्जननी स्पष्ट सांगितले होते. ऑपरेशन करायचेच, हा माझा निर्णय झालेला होता. तिचा व्हायचा होता.

माझी आई वारल्यापासून आत्यानेच मला वाढवले, म्हणून मी तिला एकेरीच हाक मारी. लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात मोठा दुष्काळ पडला तेव्हा माझी शाळा सुटू नये म्हणून ती सरकारी कामावर खडी फोडायला गेली. पुढे गावात दूध संस्था निघाली आणि दूध मोजून घ्यायचे काम तिच्याकडे आले. त्या सकाळी आजही माझ्या डोळ्यांसमोर जशाच्या तशा उभ्या राहतात. ओळीने मांडलेल्या किटल्या, कोमट दुधाचा वास, आणि प्रत्येकाची, त्याच्या म्हशीसकट, चौकशी करणारा तिचा खणखणीत आवाज. डाव्या हाताने किटली तिरपी करायची, उजव्या हातातले माप भरायचे, अशी तिची रीत होती. दुधात लॅक्टोमीटर सोडून आकडा वाचण्याचा मान मात्र माझा. ती काचेची नळी दुधात डुलत डुलत स्थिरावली की मला जग समजल्यासारखे वाटे. माझे पहिले वैज्ञानिक उपकरण तेच.

अलीकडे तिच्या हातून दूध सांडू लागले होते. एकदा सुट्टीत मी घरी आले असताना रांगेतला एक जण म्हणाला, “आत्याबाई, भुईलाबी रतीब लावला का काय?” आत्या हसून म्हणाली, “दुष्काळात लई तहानलीय रे ती, पिऊ दे की!” सगळे हसले. मीही हसले. वय झाले, एवढाच त्याचा अर्थ आम्ही लावला.

तुळजापूरच्या देवळात मुख्य मंदिराच्या मागच्या बाजूला एक गोल दगड आहे, चिंतामणी. त्यावर दोन्ही तळवे ठेवून मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार. बसमध्ये आत्या डोळे मिटून बसली होती आणि मी मनातल्या मनात त्या दगडाचे गणित मांडत होते. दगड वळत नाही, नकळत हात त्याला वळवतात. आत्याचा माझ्यावर विश्वास आहे, म्हणजे तिचे हात त्याला उजवीकडेच नेतील, असा माझा हिशेब होता.

देवळात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. मी तिची उजवी बाजू धरली होती, तरी तिचा तोल जाऊ लागला. तेवढ्यात एका बाईने मागून येऊन तिचा डावा हात धरला. कपाळाला भस्म, बोलण्यात कानडी हेल. “सावकाश, अक्का. आई कुठं पळून जात न्हाय,” असे म्हणत तिने आम्हाला खालपर्यंत आणले, दर्शनातही सोबत केली आणि चिंतामणीपाशी आमच्यामागे उभी राहिली.

आत्याने हात ठेवले. दगड काही क्षण स्थिर राहिला, आणि मग संथपणे डावीकडे वळला.

“आत्या, तूच ढकललास. पुन्हा ठेव,” मी म्हणाले.

“म्या कशाला ढकलू? म्या नुसते हात ठिवले.”

मागून ती बाई हसली. “आईसंगं घासाघीस करते व्हय गं पोरी? आठवडी बाजार हाय का ह्यो?”

माझ्या हट्टाखातर आत्याने पुन्हा हात ठेवले. दगड पुन्हा डावीकडेच वळला. तिचा चेहरा शांत झाला. तिला उत्तर मिळाले होते. मी मात्र त्या दगडाकडे पाहत राहिले. दोन्ही तळव्यांचा जोर सारखा असेल तर तो असा एकाच दिशेने का वळावा? उजवा हात पुढे रेटतो आहे आणि डावा त्याला अडवतच नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी तिच्यासमोर बसले, माझी बोटे तिच्या दोन्ही मुठींत दिली आणि म्हणाले, “दाब.” उजव्या मुठीने माझी बोटे कळवळली. डावी नुसतीच मिटली.

“मघा पायऱ्यांवर ह्यो हात माझ्याच हातात हुता,” ती बाई आता हसत नव्हती. “म्याच धरला हुता त्याला. त्यानं मला धरलंच न्हाय.”

आम्ही थेट सोलापूर गाठले. सर्जननी तिचे हात तपासले, गुडघ्यांवर हातोडी मारून पाहिली आणि गंभीर होऊन विचारले, “आजी, हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुमी पायाचं इचारलं, म्या पायाचं सांगितलं,” आत्या म्हणाली. “हाताचं म्हातारपण हाय म्हणलं.”

मानेचे फोटो निघाले. खरी मेख तिथे होती. मज्जारज्जू मानेतच आवळला गेला होता. कमरेच्या ऑपरेशनने पाय सुधारले नसते, आणि भूल दिल्यावर मान वेडीवाकडी झाली असती तर हातही जाण्याची भीती होती, असे त्यांनी समजावले. आता ऑपरेशन मानेचे, पुण्याला, आणि पहिल्यापेक्षा नाजूक. खात्री कोणीच देत नव्हते.

त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मी जे बोलले ते आठवले की आजही हसू येते. मी म्हणाले, “आत्या, पुन्हा तुळजापूरला जाऊ या. हेही आईला विचारू.”

“आता गं बया!” तिने कपाळाला हात लावला. “तिला सांगायचं ते तिनं सांगितलं. सारखं सारखं इचारणं म्हंजी इस्वास न्हाय. मान मी आईच्या पायावर ठिवलीया, तिथनं ती उचलायची न्हाय. तू डॉक्टरला व्हय म्हण.”

ऑपरेशन चालू असताना मी बाहेर बसले होते. मला येणारी कोणतीही आकडेमोड तिथे उपयोगाची नव्हती. खूप वेळाने माझ्या लक्षात आले, की माझे दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवलेले आहेत, जणू त्यांच्याखाली तो दगड आहे. मी ते उताणे केले. मग मन हळूहळू निवत गेले.

आत्या काठी घेऊन चालू लागली. डाव्या हातात पूर्वीची ताकद आली नाही, पण किटली तिरपी करण्याइतकी आली. पुढची कितीतरी वर्षे ती संस्थेत बसली आणि शेवटपर्यंत आपल्या पायांनी देवळात गेली. चार थेंब सांडले की म्हणायची, “भुईचा रतीब अजून चालू हाय बरं का!” आता ती नाही. त्या बाईचे नाव आम्ही विचारले नव्हते. ती पुन्हा कधी दिसली नाही.

दगड का वळला हे मला आजही समीकरणात मांडता येते, आणि ते समीकरण चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु मी हट्टाने उजवीकडे पाहत असताना मला डावीकडे पाहायला लावणारे जे कोणी होते, त्याला मी आई म्हणते. तुळजापूरला गेले की चिंतामणीवर हात ठेवते. प्रश्न विचारत नाही. तळव्यांखालच्या त्या थंड दगडावर आत्याचा उजवा हात रेटतो आहे असे वाटते, आणि मी माझा डावा हात सैल सोडते.