नरसप्पांचं माप

नांदेडचे नरसप्पा घड्याळजी कुठलंही माप आकड्यात घेत नसत. कुणी "दीड इंच" म्हटलं की विचारत, "इंच कुनाचा? तुमचा का माझा?" मग कागदाची पट्टी फाडून वस्तूला लावत, नखाने खूण करत आणि पट्टी टोपीत खोचत. टोपीत अशा दहाबारा पट्ट्या असायच्या. "आकडा इसरतो, मास्तर. कागद न्हाई इसरत."

निजामी अमलाची ती शेवटची वर्षं. बिलोलीहून आलेले नरसप्पा कचेरीच्या मोठ्या घड्याळाला रोज चावी देत. स्वतःच्या दुकानापेक्षा त्यांना त्या चावीचा अभिमान जास्त. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो आणि सरकारी थाटाला मनातल्या मनात हसत होतो. मनात हसायला काही लागत नाही.

जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांनी, म्हणजे तिथल्या कलेक्टरांनी, हैदराबादेहून पितळी दुर्बीण आणवली. तिच्यातून चंद्राचा फोटो काढून वर पाठवायचा बेत होता. दुर्बिणीला कॅमेरा जोडायचं काम नरसप्पांकडे आलं, देखरेख माझ्याकडे. आठ दिवस खपून त्यांनी मधली नळी बनवली. कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर चंद्र रेखीव उमटला.

"आता फोटोची काच हितंच बसाया पाहिजे," नरसप्पा म्हणाले. "पर तिची पेटी रुपयाच्या नाण्याभर पुढं येऊन राहिली." त्यांनी तेवढ्याच जाडीची पुठ्ठ्याची चकती कापली. "पेटी लावताना खाली ही घाला. लई ध्यान ठेवा, मास्तर."

ठरल्या दिवशी दिवेलागणीला कचेरीपुढे गालिचे अंथरले. साहेबांची शेरवानी अशी होती, की चंद्रानेच त्यांचा फोटो काढावा. नरसप्पा दुर्बीण चंद्रावर धरून उभे होते, पेट्या मी लावत होतो. चकचकीत पितळेत तो ओबडधोबड पुठ्ठा मला ठिगळासारखा वाटला. माझ्या पुस्तकात तर तो नव्हताच. मी चकती खिशातच ठेवली.

दुसऱ्या दिवशी भरल्या कचेरीत साहेबांनी तीन फोटो वर धरले. तिन्हींत पाण्यात विरघळत चाललेला चंद्र.

"ये चाँद है या बताशा?"

सगळे हसले. नरसप्पांनी फोटो उजेडाकडे नेऊन बराच वेळ पाहिले आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "चकती घातली व्हती न्हवं, मास्तर?"

"हो," मी म्हणालो.

"मग माझंच माप चुकलं, सरकार."

साहेबांनी तिथल्या तिथे घड्याळाची चावी परत मागितली. नरसप्पांनी ती कनवटीची काढून टेबलावर ठेवली. महिन्याभरात दुकान मोडून ते लातूरला लेकीकडे गेले.

दोनेक वर्षांनी लातूरला गेलो तेव्हा त्यांच्याकडे गेलो, सगळं सांगायचं ठरवूनच. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं आणि जावयाला हाक मारली.

"हेच ते मास्तर! सायबानं चावी मागितली तवा भरल्या कचेरीत एकटे उठून उभे राहिले व्हते. माझ्यासाठी. दुसरं कुनी हाललं न्हाई."

मी उठलो होतो हे खरं. कचेरीचे कारकून, पेशकार, तेवढ्यात उशिरा आले होते आणि मी बसलो होतो ती खुर्ची त्यांची होती.

लेकीने माझ्यासाठी चांगल्या कपबशीत चहा आणला. मी तो प्यालो.