खिंडारातून आलेल्याला पाणी नाही

बुऱ्हाणपुरापासून आठ कोसांवर, सातपुड्याच्या उतारावर कोटखेडी नावाचं गाव होतं. गावाला दरवाजा होता, तोही असातसा नव्हे. हत्तीला अडवील असा, सागवानी, जागोजागी लोखंडी खिळे ठोकलेला. फक्त दरवाज्याच्या डाव्या हाताला भिंत नव्हती. निंबा दरवानाच्या आजाच्या काळात तिकडचा तट ढासळला आणि गावकऱ्यांनी पडलेल्या दगडांना फार दिवस उघड्यावर राहू दिलं नाही. काही पाटलाच्या ओट्याला लागले, काही गोठ्यांना, आणि चार मारुतीच्या पाराखाली गेले, त्यामुळे कोणाला तोंड उघडायची सोय उरली नाही. मागे राहिलं ते खिंडार. दोन बैलगाड्या शेजारून जातील एवढं ऐसपैस.

तरी निंबा रोज दिवेलागणीला दरवाजा लावी, अडसर घाली आणि फटफटताच उघडी. कोणी हसलं तर म्हणे, "भित राखाचं काम माह्यं नही. माह्याकडे दरवाजा हाये." कामाची अशी काटेकोर वाटणी कचेरीतल्या बाबूंना वर्षानुवर्षं घोटून साधते, निंबाला ती उपजतच होती.

आणि गाव त्याच्यामागे होतं. कोटखेडीचा दंडकच होता की दरवाज्यातून आला तोच आला. खिंडारातून शिरलेला माणूस आलाच नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला पाणी द्यायचं नाही. दरवाज्यात निंबा दोनच प्रश्न विचारी, "कोन? कोनाकडे?" उत्तर मिळालं की बाजूला होई. बायकोलाही सूट नव्हती. भागाबाई झऱ्यावरून दोन हंडे डोक्यावर घेऊन आली तरी तिला थांबावं लागे. "भागाबाई. निंबाच्या घरी. नशीब माह्यं," असं म्हणून ती आत जाई. पंचवीस वर्षांत या उत्तरातला एक शब्द बदलला नव्हता.

या चाकरीपोटी कोणा जुन्या बादशहानं निंबाच्या पूर्वजाला झऱ्याकाठची काळी जमीन दिली होती. तिच्यावर घर चालत होतं. पण देश स्वतंत्र झाला, राजे-नवाब विलीन झाले आणि सगळं एका मापानं मोजायचं ठरलं. हुकूम निघाला की जुन्या इनामांची चौकशी करा. चाकरी चालू असेल तर जमीन ठेवा, नसेल तर काढून घ्या. चौकशीला नागपूरहून नंदकुमार नावाचे साहेब येणार होते.

आदल्या दिवशी भाईदास पाटील निंबाकडे आले. "निंबा, साहेबाची जीप खिंडारातूनच येईन. गाडीवाट तिकूनच हाये. उद्याच्या दिवस तोंड बंद ठेवजो."

"मंग दरवानी कुठी राह्यली, पाटील?"

"आन् साहेब रागावला त जमीन कुठी राह्यन?"

इकडे आड, तिकडे विहीर. निंबाला त्या रात्री भाकर गेली नाही. अडवलं नाही तर चाकरी बुडाली, अडवलं तर साहेब बिघडला; जमीन दोन्हीकडून जात होती.

साहेब आले. जीप खिंडारातून आत शिरली, धुरळा बसला, साहेब उतरले. पाटील हार घेऊन पुढे झाले आणि मध्येच थबकले. आदल्या दिवशी शहाणपण शिकवणं सोपं होतं, पण हात कोटखेडीचे होते. ते वर उठेनात. "पाणी मिळेल का?" साहेबांनी विचारलं. सगळं गाव झाडाच्या शेंड्याकडे बघू लागलं.

शेवटी निंबानंच हात जोडले. "साहेब, तुमी अजून आले नही."

"मग हा उभा आहे तो कोण?"

"थे आमाले कसं मालूम राहीन? दरवाज्यात पुसल्याशिवाय?"

साहेब लाल झाले. पण चैत्राचं ऊन होतं, घसा कोरडा पडला होता, आणि तहान हुद्दा बघत नाही. पाय आपटत ते खिंडारातून बाहेर गेले, वळसा घालून दरवाज्यापुढे आले.

"कोन?"

"नंदकुमार. नागपूरहून."

"कोनाकडे?"

साहेबांनी टोपी काढून कपाळाचा घाम पुसला. "तुमच्याकडेच आलो, बाबा."

निंबा बाजूला झाला. मग हार पडला, पाणी आलं, भरीत-भाकर आली, केळीचा अख्खा घड आला. जेवून तृप्त झालेल्या साहेबांनी कागदावर लिहिलं, 'दरवानी चालू आहे. स्वतः अनुभव घेतला. दरवाजा प्राचीन असून जपण्याजोगा आहे.' ते शेवटचं वाक्य त्यांनी कौतुकानं लिहिलं. सरकारी कागदावर कौतुक लिहू नये, हे त्यांनाही कळायला हवं होतं.

कागद नागपूरला गेला. तिथे त्याच्यावर शेरे चढत असतानाच प्रांतांची वाटणी झाली. नागपूर एकीकडे गेलं, बुऱ्हाणपूर दुसरीकडे, आणि कागद भोपाळला. सगळ्या देशाचं विलीनीकरण आटपलं तरी निंबाचा कागद कुठे विलीन होईना. अखेर सत्तावन्न साली बोलावणं आलं की कचेरीत येऊन अंगठा द्या.

निंबा पहिल्यांदाच बुऱ्हाणपुरात आला. शनवारा दरवाज्यातून टांगे, सायकली, बकऱ्या, सगळं बेधडक आत-बाहेर चाललेलं पाहून तो वेशीतच उभा राहिला. न राहवून त्यानं एका सायकलवाल्याला अडवलं. "कोन? कोनाकडे?" सायकलवाला म्हणाला, "पागल है क्या, बाबा?" निंबानं मान हलवली. एवढी मोठी वेस आणि पुसणारं कोणी नाही. शहर अजून टिकलं याचंच त्याला नवल वाटलं.

कचेरीतल्या बाबूनं हिंदी कागद भराभर वाचला. त्यातलं 'जमीन क़ायम' एवढं निंबाला कळलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगठा देऊन त्यानं भागाबाईसाठी बांगड्या घेतल्या आणि दिवस मावळता मावळता डोंगर चढून तो गावाशी आला.

दरवाजा लावलेला होता. कडीला सरकारी कुलूप होतं, त्यावर लाखेची मोहोर. फटीतून पाटलांचा आवाज आला. "निंबा, शिपाई आला होता. दरवाजा पुराना हाये, झिजीन, म्हनून सरकारनं बंद केला. किल्ली घेऊन गेला. तू आता सरकारी दरवान. इतून कोनी जाऊ नये, हे पाह्याचं तुह्यं काम. जमीन त्याच्यासाठीच कायम."

निंबानं कुलूप हातात घेऊन पाहिलं. जमीन राहिली होती, चाकरी राहिली होती, मोहोरही लागली होती. मग जन्मात पहिल्यांदा तो वळसा घालून खिंडारातून आत आला आणि आपल्याच ओट्यावर परक्यासारखा टेकला.

भागाबाई तांब्या घेऊन बाहेर आली. आठ कोस तुडवून आलेल्या नवऱ्याचे सुकलेले ओठ पाहून तिला दंडक आठवला आणि पहिल्यांदाच त्या दंडकाचा राग आला. तिनं तांब्या पुढे केला.

"घ्या. प्या."

निंबानं बांगड्या तिच्या हातात दिल्या. तांब्याला हात लावला नाही.

"कसा पिऊ?" तो म्हणाला. "मी अजून आलो कुठी?"