उजनीच्या काठावरचं दीपगृह

तीस वर्षं मी सोलापुरातल्या मुलांना दीपगृह शिकवलं आणि स्वतः एकही दीपगृह पाहिलं नाही. फळ्यावर मनोरा काढायचा, वर चार किरणं ओढायची, झाला धडा. निवृत्त झाल्यावर करमाळ्याकडच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. उजनीच्या काठाला, तिच्या माहेरच्या गावात, एक दीपगृह आहे म्हणे. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, जातेच आहेस तर बंदरही कुठं सापडतंय का बघ. मी त्याच्या नाकावर टिच्चून दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडली. फोटो काढायचे म्हणून भलीमोठी पॉवर बँक बरोबर घेतली, फक्त ती चार्ज करायची राहून गेली.

करमाळ्याला उतरून वडाप (माणसं भरल्याशिवाय न हलणारी जीप) धरली. आम्ही चौदा जण आणि फवारणीचा एक पंप कोंबल्यावर ती हलली. ड्रायव्हरनं कुठं जायचं विचारलं. मी ऐटीत म्हटलं, दीपगृहाकडे. त्यानं आरशातून माझ्याकडं जरा वेळ पाहिलं.

"मंजे सिंधूबाईकडं व्हय," तो म्हणाला. "मग तसं सांगा की."

उसाचे फड संपले आणि एकदम पाणी दिसलं. धरणामागं पसरलेल्या या पाण्याला इकडं फुगवटा म्हणतात. पलीकडचा काठ धुरकट, मधे लाटा, वर पांढरे पक्षी. नळाची वाट बघण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या सोलापूरकरणीला एवढं पाणी एके ठिकाणी बघून थोडा रागच आला.

दीपगृह मात्र बघवेना. गावापासून लांब एका उंचवट्यावर पत्र्याचं घर, दारात लोखंडी पाइप, पाइपाच्या टोकाला लोणच्याची बरणी उलटी बांधलेली आणि बरणीत एक बल्ब. मी फोटो काढला, नवऱ्याला पाठवला नाही.

सिंधूबाई साठीच्या, काटक, बोलायला तिखट. त्यांनी आधी जेवायला वाढलं: ज्वारीची भाकरी, तव्यावर परतलेली चिलापी (उजनीत मुबलक मिळणारा मासा) आणि शेंगाचटणी. मग दीपगृहाचा इतिहास सांगितला. धरण भरलं, जुनं गाव बुडालं, माणसं वर येऊन राहिली. पण पाण्यावरून बघावं तर नव्या गावाची एक खूण दिसेना. सिंधूबाईंचे सासरे मासेमारीला गेले की सासूबाई दारात कंदील टांगायच्या. हळूहळू सगळ्याच होड्या त्या कंदिलावर येऊ लागल्या. कंदिलाची गॅसबत्ती झाली, पुढं बल्ब आला. सासूबाई गेल्या, सिंधूबाईंचा नवराही गेला, दिवा त्यांच्याकडं राहिला. आता तो सौर पाटीवर भरणाऱ्या एका जुन्या बॅटरीवर चालतो. मधे पंचायतीनं खांबावर मोठा दिवाही बसवला होता, पण बसवणाऱ्यांनी त्याचं तोंड रस्त्याकडं केलं. सिंधूबाई म्हणाल्या, त्या उजेडात म्हशींची लई सोय झाली.

नियम एकच. काठाला लागल्यावर प्रत्येकानं स्वतःच्या तोंडानं "आलो गं" म्हणायचं, आणि शेवटचा आल्याशिवाय दिवा मालवायचा नाही. याला अपवाद त्यांचा धाकटा दीर दगडू. सात वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत तो पाहुण्यांसमोर म्हणाला होता की वहिनीचा दिवा नसला तरी आपण डोळे झाकून काठाला येतो. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. तो आला की वल्हं होडीवर दोनदा आपटायचा. हजेरीला बाक वाजवणारी मुलं मी वर्गात पुष्कळ पाहिली आहेत, त्यामुळं मला नवल वाटलं नाही.

दुपारी फोनचं चार्जिंग संपलं. सिंधूबाईंनी बॅटरीची वायर दाखवली, लावा म्हणाल्या. मी फोन लावला आणि तिथंच गुपचूप पॉवर बँकही लावून दिली. दोन दिवसांपासून आभाळ भरलेलं होतं, सौर पाटीला ऊन मिळालेलं नव्हतं, हे भूगोलाच्या बाईंच्या लक्षात यायला हवं होतं.

दिवस मावळला आणि वारा सुटला. सिंधूबाईंनी दिवा लावला. एकेक होडी आली, "आलो गं" म्हणत माणसं घरी गेली. दगडू तेवढा राहिला. अंधार दाटत होता. बरणीतला बल्ब लालसर झाला, दोनदा लुकलुकला आणि विझला. माझ्या पॉवर बँकेवर चार हिरवे ठिपके टवटवीत चमकत होते. आमच्या उजव्या बाजूला बुडलेल्या बाभळींचे बुंधे आहेत आणि अंधारात होडी तिकडं गेली तर फुटते, हे मला दुपारीच कळलं होतं. मी मोबाईलचा उजेड धरला, तो चार हात पाण्यावर जाऊन संपला.

सिंधूबाई गुडघाभर पाण्यात गेल्या. वाटलं, देवाचं नाव घेतील.

"दगडू! डोळं झाकून येणाऱ्या! कुटं कडमडलास?"

आणि मग त्या थांबल्याच नाहीत. ती पंगत, ते पाहुणे, त्याचे कलप लावलेले केस, सात दिवाळ्यांना न पाठवलेला फराळ, सगळं त्यांनी वाऱ्यावर सोडलं. श्वास घ्यायलाही थांबत नव्हत्या. बऱ्याच वेळानं काळोखातून आवाज आला.

"वैनी, शिव्या मागनं दे. बाभळी कुनीकडं त्ये सांग आदी."

"तुज्या डाव्या हाताला! माझ्या आवाजावर ये, मुडद्या!"

त्या ओरडत राहिल्या, तो उलट ओरडत राहिला आणि होडी काठाला लागली. दगडू चिंब भिजलेला, थरथरत होता. पहिलं वाक्य बोलला, "दिवा का न्हाय लावलास?" सिंधूबाई पदरानं त्याचं डोकं खसाखसा पुसत राहिल्या. मला रडू आलं आणि लाजही वाटली.

सकाळी दगडू ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावर घेऊन हजर. वायर जोडता जोडता वहिनीच्या निष्काळजीपणावर त्याचं व्याख्यान चाललं होतं. सिंधूबाईही शब्दाला शब्द देत होत्या. मला राहवेना. मी "दगडूभाऊ, खरं तर चूक" एवढंच म्हणाले, तोच सिंधूबाईंनी माझा दंड धरला आणि चहाच्या निमित्तानं मला चुलीपाशी ओढलं.

"बाई, गप ऱ्हावा. त्या तुमच्या डबीचे चार दिवे मला कालच दिसलं," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव निगालं तर भांडान मिटंल. मिटलं की त्यो परत गप बसंल."

परतीच्या एसटीत टेंभुर्णीपर्यंत मी मान वर केली नाही. जन्मभर मुलांना उभं करून चुका कबूल करायला लावल्या, आणि माझी एवढी मोठी चूक दुसऱ्या बाईच्या नावावर ठेवून मी घरी चालले होते. ते मला फार लागलं, अजून लागतं. पण विद्यार्थिनी कळवते की दगडू रोज संध्याकाळी दिव्यावरून वहिनीशी भांडायला येतो आणि जेवूनच जातो. तेव्हा उजनीला गेलात तर सिंधूबाईंचा दिवा जरूर बघा, आणि दगडू भेटला तर यातलं एक अक्षरही त्याला सांगू नका.