कासमभाईंच्या दहा हारी

कासमभाई माणसाला नावाच्या आधी वजनाने ओळखत. मुरुडच्या स्टँडपासून आमच्या गावापर्यंत त्यांची सहा आसनी रिक्षा चाले, आणि प्रवासी रस्ता ओलांडून येईपर्यंत त्यांचा अंदाज बांधून झालेला असे. "अडुसष्ट मागं. बावन्न, तू पुढं ये. भाभी, तुमचा आकडा मी बोलत न्हाय, पण मधी बसा." बायका लाजत, हसत आणि बरोबर मधेच बसत. एकदा एका पर्यटकाने पैज लावली आणि तो किराणा दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर चढला. कासमभाई अर्ध्या किलोने चुकले. "खिशात दोन मोबाइल असतील," ते म्हणाले. होते.

ही विद्या बॉक्सिंगमधून आलेली. तरुणपणी ते आमच्या जिल्ह्याकडून खेळले, मग बारा वर्षं आखातात क्रेन चालवून परत आले. दिवसभर रिक्षा आणि संध्याकाळी पंचायतीच्या बंद पडलेल्या बर्फाच्या गोदामात मुलांना शिकवणं, एवढाच त्यांचा दिनक्रम होता. फी नव्हती. जुन्या जाळ्यांत चिंध्या कोंबून केलेल्या दोन बॅगा छताला टांगलेल्या असत. वीसेक मुलं येत आणि त्यांत सात मुली होत्या. आमच्या मोहल्ल्यातल्या मुली बॉक्सिंग शिकत होत्या यावर बाहेरच्यांचा विश्वास बसत नसे. कारण साधं होतं. गोदामाला चार भिंती होत्या, दार होतं, आणि दारात कासमभाईंची बायको रुकय्याभाभी कोलंबी सोलत बसलेली असे. त्या दारावर विसंबून आया मुली पाठवत.

मी सोळाव्या वर्षी तिथे गेलो. वडील कारखान्याच्या युनियनमध्ये होते. आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त, आणि मी ती वाचूनच मोठा झालो. जिथे जाईन तिथे मी व्यवस्था बदलायला निघत असे. कासमभाईंनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'पत्रकवाले' ठेवलं. माझा खेळ पाहून म्हणाले, "तुझे हात बोलतायत, पाय ऐकत न्हाईत. गावच्या सभेसारखं झालंय तुझं." मार लागला म्हणून ते कधी कुणावर ओरडले नाहीत. पण एकदा घंटा वाजल्यावर एका मुलाने समोरच्याच्या कानशिलात ठोसा लगावला, तेव्हा त्यांनी त्याचे ग्लोव्हज स्वतःच्या हाताने काढून घेतले. "घंटेनंतरचा ठोसा म्हणजे चोरी हाय. आधी माफी माग, मग घरी जा."

गावाने दोन विजेते पाहिले होते, एक कासमभाई आणि दुसरे विलासशेठ. दोघे एकाच वयाचे, एकाच गोदामात शिकलेले. विलासशेठ आयुष्यात एकही लढत हरले नाहीत, हे आमच्याकडे शाळेतल्या मुलांनाही पाठ होतं. पुढे त्यांनी नागावला वॉटर स्पोर्ट्स आणि दोन होमस्टे काढले. बोलायला नम्र माणूस, गावात आले की रिक्षा थांबवून कासमभाईंच्या खांद्यावर हात टाकणारा.

तीन वर्षांपूर्वी पंचायतीने गोदाम भाड्याने द्यायचं ठरवलं. दोन अर्ज आले. कासमभाईंचा अर्ज एका कागदावर हाताने लिहिलेला. विलासशेठचा छापील, रंगीत, अकादमीच्या चित्रासह. कुजबुज सुरू झाली की कोण कुणाच्या जातीचा, कोण कुणाला मतं देतो यावरच निकाल लागणार. माझं रक्त तापलं. मी पत्रक काढलं. मथळा होता, 'शिफारस नको, कामगिरी पाहा.' खाली दोन रकाने पाडले. डावीकडे विलासशेठ, उजवीकडे कासमभाई. स्पर्धा, पदकं, विजय, पराभव. सगळं जिल्हा संघटनेच्या यादीतून उतरवलेलं. कासमभाई माझे गुरू होते, म्हणूनच मी त्यांना एका अक्षराचंही झुकतं माप दिलं नाही. या निःपक्षपातीपणाचा मला किती अभिमान होता, हे आज लिहितानाही तोंड कडू होतं.

छापण्याआधी मी पत्रक त्यांना दाखवलं. उजव्या रकान्यात नऊ पराभव होते. त्यांनी चष्मा लावून दोन्ही रकाने सावकाश वाचले, मग बोट ठेवलं.

"नऊ न्हाय, दहा. महाडची एक ऱ्हायली."

मी दहा केले. मनात म्हटलं, काय सच्चा माणूस.

ग्रामसभेत माझं पत्रक मोठ्याने वाचलं गेलं. सरपंच म्हणाले, तरुणांनीच निकष दिलाय, आता वाद कसला. न हरलेला एक, दहा वेळा हरलेला दुसरा. विलासशेठ पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. मला तो विनय वाटला. गोदाम दहा वर्षांसाठी त्यांना मिळालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. आपला माणूस हरला तरी पद्धत जिंकली, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

गोदाम रिकामं करायला मी मदतीला गेलो. बॅगा उतरवून त्यांच्या घरी नेल्या. रुकय्याभाभी माझ्याशी बोलत नव्हती. चहा ठेवला तोही असा की कप आपटला. मग आत जाऊन तिने प्लास्टिकची पिशवी आणली आणि माझ्या मांडीवर टाकली. "वाच. तुला वाचायला आवडतं ना."

आत जुनी प्रमाणपत्रं होती. प्रत्येकावर वजनगट लिहिलेला. कासमभाई साठ किलोचे खेळाडू, हे ते स्वतःच सांगत. पण साठच्या गटात त्यांचं नाव कुठेच नव्हतं. चौसष्ट, सदुसष्ट, परत सदुसष्ट. मी विचारलं, हे कसं?

सांगितलं भाभीनेच. तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत सांघिक स्पर्धेची ढाल असे. प्रत्येक वजनगटात एक खेळाडू उतरवायचा. गट रिकामा राहिला तर गुण शून्य, आणि हरायला का होईना, कुणी उतरला तर एक गुण पदरात. आमच्याकडे वजनदार मुलगे नव्हते आणि साठ किलोचे चांगले दोन होते, कासमभाई आणि विलासशेठ. एकाने जागा सोडायची होती. कासमभाईंनी सोडली. वजनाच्या दिवशी पहाटेपासून ते केळी खात, वर तांब्यामागून तांब्या पाणी पीत, आणि पोट तट्ट फुगलेलं घेऊन काट्यावर चढत. दुपारी तेच पोट घेऊन आपल्याहून थोराड माणसांसमोर रिंगणात उभे राहत. त्यांतल्या निम्म्याहून जास्त लढती ते जिंकले होते. "ढाल चार वेळा आली गावात," भाभी म्हणाली. "मिरवणुकीत हा मागं चालत होता, ओकत. अजून घरात केळं आणू देत न्हाय."

मी कासमभाईंकडे पाहिलं. ते बॅगेची दोरी गुंडाळत होते. मी विचारलं, सरावात तुमच्या दोघांत कोण जिंकायचं?

"सरावाची नोंद नसते," ते म्हणाले.

मग सभेत का बोलला नाहीत, असं मी जवळजवळ ओरडलोच. त्यांनी दोरीची गाठ मारली. "पत्रकात काय खोटं होतं? हरलो ते हरलोच. केळी खाऊन हरलो, असं सांगत फिरू?" मी म्हटलं, मी नवं पत्रक काढतो. त्यांनी गुंडाळलेली दोरी बॅगेवर ठेवली. म्हणाले, "काढ. पण माझ्या हारी खोडू नको. समोरच्यांनी मेहनत करून मला मारलंय. त्यांचं काय घेऊ नको."

मी दुसरं पत्रक काढलं. वजनगटांसह, ढालीसह, दहाच्या दहा पराभवांसह. पंचायतीच्या कारकुनाने ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "आधीचं पण तुमचंच ना? मग आता आम्ही नक्की कुठल्या तुमचं ऐकायचं?" करार झाला होता. गोदामात आरसे आले, वातानुकूलन आलं, बाहेर महिन्याच्या फीचा फलक लागला. शनिवार-रविवारी नागावहून पर्यटक येऊन ग्लोव्हज घालून फोटो काढू लागले.

कासमभाई मुलांना मासळी वाळवण्याच्या खळ्यावर शिकवू लागले. मुलगे आले. मुली पहिल्या आठवड्यात तीन आल्या, दुसऱ्या आठवड्यात एकटी सना. ती जिल्हा निवडीला जाणार होती. उघड्या खळ्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत ती चार दिवस खेळली. पाचव्या दिवशी तिची आई ग्लोव्हज परत द्यायला आली. कासमभाईंनी तिची समजूत घातली नाही. ग्लोव्हज घेतले आणि म्हणाले, "तुमचं बरोबर हाय भाभी. मीच दार सांभाळू शकलो न्हाय." त्यांच्या तोंडून तक्रारीसारखं मी ऐकलेलं हे एकच वाक्य, आणि तेही त्यांनी स्वतःवरच घेतलं.

यंदा गणपतीच्या आधी ते रिक्षातच गेले. स्टँडवर, प्रवासी भरायची वाट पाहताना. हृदय थांबलं. कब्रस्तानात विलासशेठ आले होते, डोक्याला रुमाल बांधून. त्यांनीही तीन मुठी माती टाकली आणि लोक पांगल्यावरही तिथेच उभे राहिले. डोळे खरोखरच सुजले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सहा वर्षं रोज संध्याकाळी आम्ही समोरासमोर उभे राहिलो. एकदाही मी त्याच्यावर सरस ठरलो नाही. एकदाही."

मी विचारलं, "मग हे त्या दिवशी सभेत का नाही सांगितलंत?"

त्यांनी रुमालाने हाताची माती पुसली.

"मला कुणी विचारलं कुठे? तुमच्या पत्रकात सगळं होतं ना."