आधी अक्षर, मग डोक्यावर रेघ

माझ्या दादाचं चीनला जाणं माझ्यामुळे हुकलं.
हे मला आज सकाळी कळलं. त्याच्या दहाव्याला.

दादा मुरबाडला एका कंपनीत फिटर होता. दोन हजार तीन-चारच्या सुमारास तिथे प्लास्टिकच्या बादल्या काढायची चिनी मशीन आली. पॅनलवरची सगळी बटणं चिनी अक्षरांत.

मशीन बसवायला एक चिनी इंजिनीयर आला होता. जाताना त्याने पुठ्ठ्यावर पन्नासेक अक्षरं लिहून ठेवली आणि दुभाष्यामार्फत सांगितलं, "सहा महिन्यांनी परत येतो. ज्याला ही नीट लिहिता येतील त्या एकाला तीन महिने ट्रेनिंगला चीनला नेतो."

दादा सातवी पास. वय अडतीस. कल्याणच्या पुढे कधी गेलेला नाही.

रविवारी तो पुठ्ठा काखेत मारून मुरबाडहून किन्हवलीमार्गे एसटीने माझ्याकडे शहापूरला आला. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीची बाई.
"पोरांना गिरवायला लावतेस ना गो, मला पण लाव."

मी लावलं. दुरेघी वही आणली, पेन्सिलीला टोक काढून दिलं.

त्यातली कितीतरी अक्षरं मला आपल्यासारखीच वाटली. वर आडवी रेघ, तिला लटकलेली काठी, बाजूला एक ठिपका.
मी म्हटलं, यात काय कठीण आहे? आधी खालचं अक्षर काढायचं, मग डोक्यावर रेघ द्यायची. शेकडो पोरांचा हात धरून मी हेच शिकवलं होतं.

एकदा तो म्हणाला, "तो सायब वरची रेघ पयली मारायचा वाटतं."
"तुला वाटतं. तू सातवी, मी डी.एड.," मी म्हणाले.

तो हसला आणि मी सांगितलं तसं गिरवायला लागला.

सहा महिन्यांत एकही रविवार चुकवला नाही त्याने. भाताच्या आवणीच्या दिवसांतसुद्धा यायचा, नखांत चिखल घेऊन. पासपोर्टपण काढला.

मग कळलं की सिलेक्शन दुसऱ्याच कुणाचं झालं. वाशिंदचा एक जण गेला.
दादा एवढंच म्हणाला, "नाय झाला. जाऊ दे."

मी कसली जाऊ देते. वशिलाच असणार, असं मी ठरवूनच टाकलं. लग्न असो, बारसं असो, कंपनीच्या साहेबाचा उद्धार केल्याशिवाय मी जेवले नाही. दादा खाली मान घालून भात कालवत बसायचा.

आज नदीवरही तेच सुरू केलं. तेव्हा बबनभाऊंनी मला बाजूला घेतलं. दादाबरोबर वीस वर्षं काम केलेला माणूस.
"ताई, वशिला नव्हता. मी तिथंच उभा होतो."

इंजिनीयरने येताना तळहाताएवढी इलेक्ट्रॉनिक डिक्शनरी आणली होती. काचेवर अक्षर लिहायचं, की ती अर्थ दाखवते. तिकडे गेल्यावर सगळं काम तिच्यावरच चालणार होतं. पण रेघांचा क्रम चुकला की ती भलतंच अक्षर दाखवायची.

दादाचं अक्षर सगळ्यांत सुंदर होतं म्हणे. आणि दरवेळी भलतंच दिसत होतं.
त्या चिनी साहेबाने त्याचा हात धरून दाखवलं, वरची रेघ आधी. हात धरला की जमायचं. सोडला की पुन्हा माझ्या वळणावर.

"मी बोललो त्याला, बहिणीला सांग ना," बबनभाऊ म्हणाले. "तर बोलला, नको. ती मास्तरीण हाय, रोज पोरांच्या पुढं उभी रावते. तिला कशाला."

इतकी वर्षं मी त्याच्यासमोर बसून दुसऱ्यांना शिव्या दिल्या आणि तो ऐकत राहिला.

दादा, सांगायला हवं होतंस रे.
मी भांडले असते, ठाऊक आहे मला. चार दिवस बोलले नसते.
पाचव्या दिवशी पहिल्या एसटीने मुरबाडला आले असते आणि तुझ्यासमोर उभी राहून म्हटलं असतं, माझं चुकलं.
एवढंही करू दिलं नाहीस.

वहिनीला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू कळत नाही, म्हणून इथे लिहिलं.

दादा, तुला शेवटचा नमस्कार.
माझं चुकलं.